तीनशे चाळीस हिरव्या खुणा

इस्पितळात सगळे त्याला सर्व्हरदादा म्हणत. तळमजल्यावर, औषधांच्या गोदामाशेजारी एका थंडगार खोलीत इस्पितळाचं मुख्य यंत्र होतं आणि त्याचं दुखलंखुपलं बघायचं काम याच्याकडे. स्कॅनची चित्रं, तपासण्यांचे अहवाल, रुग्णांच्या नोंदी, सगळं तिथे येऊन पडायचं. बारा वर्षं त्यानं ते यंत्र पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. आपल्याला यातलं कळतं, आणि या इमारतीत फक्त आपल्यालाच कळतं, याचा त्याला थोडा ताठाही होता.

दुसऱ्या मजल्याच्या टोकाला भिंतींना जाड फोम लावलेली एक छोटी खोली होती. रक्तपेढी तशी ही आवाजपेढी. घशाच्या कर्करोगामुळे ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागणार असे, त्यांना शस्त्रक्रियेआधी इथे बसवून तीनशे चाळीस वाक्यं वाचायला लावत. त्यांवरून एक प्रोग्रॅम त्या माणसाचा आवाज बनवी. पुढे माणसानं हातातल्या छोट्या यंत्रावर काही टाइप केलं, की ते त्याच्याच आवाजात बोले. थोडं पडसं झाल्यासारखं बोले, पण घरची माणसं ओळखत.

ही खोली ताई सांभाळत. पंचावन्न वर्षांच्या, आधी नोंदणी विभागात टायपिस्ट होत्या. संगणकाची त्यांना मनातून भीतीच होती, पण माणसाला बोलतं करायची हातोटी अशी, की भेदरलेला रुग्णही पाचव्या मिनिटाला हसायला लागे. वाचायची वाक्यं अक्षरांच्या उच्चारांसाठी निवडलेली, त्यामुळे भलतीच विचित्र होती. झाडाखाली झोपलेला झेब्रा जांभई देतो, असली. ताई रुग्णाला सांगत, "हे ज्यानं लिहिलं ना, त्याला खरं तर आधी डॉक्टरांना दाखवायला हवं. चला, तुम्ही वाचा."

प्रत्येक वाक्य संपलं की ते खाली सर्व्हरवर जाई आणि पडद्यावर त्या वाक्यापुढे हिरवी खूण उमटे. खूण उमटल्याखेरीज पुढचं वाक्य येत नसे. स्कॅन विभागाची गर्दी असली की ही खूण यायला दहा-दहा, पंधरा-पंधरा सेकंद लागत. रुग्ण ताटकळे, खोकला येई, लय तुटे.

"दादा, काहीतरी करा हो," ताई एकदा खाली येऊन म्हणाल्या. "त्या माणसांचा घसा आधीच सोलवटलेला असतो. मध्ये मध्ये थांबायला लागलं की त्यांना पुन्हा आवाज लावताना किती त्रास होतो, ते माझ्यानं बघवत नाही."

त्याला कारण ठाऊक होतं. डिस्क जुनी होती, सावकाश लिहायची. म्हणून यंत्राचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, आलेला मजकूर आधी मेमरीत ठेवून घेतो, 'झालं' असं सांगून मोकळा होतो आणि मागाहून सवडीनं डिस्कवर उतरवतो. अशा उतरवायच्या राहिलेल्या पानांना या धंद्यात मळकी पानं म्हणतात. मळकी पानं फार साचली, की कर्नेल लिहिणाऱ्याचा हात धरतो: थांब, आधीचं उतरू दे, मग तुझं घेतो. ताईंची हिरवी खूण अडायची ती इथे. कर्नेल हे उगाच करत नाही. वीज गेली, यंत्र अचानक बंद पडलं, तर मेमरीतलं सगळं पुसलं जातं. डिस्कवर उतरलेलं तेवढं राहतं.

यावर सरळ उपाय म्हणजे नवी डिस्क मागणं, किंवा स्कॅनवाल्यांना त्यांची मोठी कामं दुपारनंतर करायला सांगणं. पहिल्याला अर्ज-विनंत्या, दुसऱ्याला स्कॅन विभागाशी हुज्जत. त्यानं तिसरा मार्ग काढला. कर्नेलच्या सेटिंगमधले दोन-तीन आकडे बदलले. मेमरीचा पाचवा हिस्सा मळका झाला की हात धरायचा, त्याऐवजी पाचातले चार हिस्से भरेपर्यंत धरायचा नाही. अर्ध्या मिनिटात डिस्कवर उतरवायला घ्यायचं, त्याऐवजी तीन तास राहू द्यायचं. वीज जाण्याची भीती नव्हती, यंत्राला बॅटरीचा आधार होता. कर्नेलच्या शहाणपणापेक्षा आपलं शहाणपण चार बोटं वरचं, असं त्याला त्या दिवशी वाटलं.

आणि काय सांगावं, हिरव्या खुणा पापणी लवायच्या आत उमटू लागल्या. ताईंनी खाली येऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. आवाजपेढीच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी महिन्याच्या बैठकीत त्याचं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. त्यानं नेमकं काय केलं, ते कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

पुढे चार महिन्यांनी, एका मंगळवारी, घड्याळजी आले.

साठीचे, बारीक चणीचे, घड्याळदुरुस्तीवर आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांची बायको पस्तिशीतच आंधळी झाली होती. तेव्हापासून घरात सगळं यांच्या बोलण्यावर चाले. पत्रं हे वाचून दाखवत, ताटात काय कुठे वाढलंय ते हे सांगत. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली होती. इतर रुग्णांना निदान पाटीवर लिहून घरच्यांशी बोलता येतं, घड्याळजींना तीही सोय नव्हती. म्हणून त्यांनी सकाळी दहा वीसला बसून बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत, घसा फाटायची पाळी आली तरी, तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस वाक्यं वाचली. ताई समोर बसून पाणी देत होत्या. तीनशे चाळीस हिरव्या खुणा उमटल्या. ताईंनी बोट ठेवून मोजल्या, कारण त्या मोजतच असत.

त्याच सकाळी स्कॅन विभागानं वर्षाची जुनी चित्रं सर्व्हरवर हलवायला काढली होती. साडेनऊपासून तो लोंढा चालू होता. मर्यादा उठवलेली, त्यामुळे कर्नेलनं कुणाचाही हात धरला नाही. सगळं मेमरीत घेत गेला. बारा दहाच्या सुमारास मेमरी तुडुंब झाली. आता कुठल्याही प्रोग्रॅमला थोडी जागा हवी, तर कुठलं तरी पान रिकामं करायला हवं. आणि बघावं तिकडे पानं मळकी. आधी डिस्कवर उतरवल्याशिवाय एकही सोडता येईना. डिस्क आपल्या चालीनं लिहीत होती आणि बाकी सगळे तिच्या तोंडाकडे बघत खोळंबले होते. यंत्र मेलं नव्हतं. पण बाहेरून बघणाऱ्याला मेल्यासारखंच दिसत होतं.

सर्व्हरदादाचा फोन खणखणला. स्कॅनच्या टेबलावर डोक्याला मार लागलेला माणूस होता आणि डॉक्टरांना जुनी चित्रं उघडेनात. तो थंड खोलीत धावला. कळफलकावर टाइप केलेली अक्षरंसुद्धा पडद्यावर येत नव्हती. डिस्कचा छोटा दिवा मात्र न थांबता लुकलुकत होता.

त्या दिव्याचा अर्थ त्याला कळत होता. यंत्र लिहीत होतं. आत अडकलेलं एकेक पान खाली उतरवत होतं. पाऊण तास दिला असता, तर बहुतेक सगळं उतरलं असतं. पण फोन पुन्हा वाजला, मग तिसऱ्यांदा वाजला आणि कुणीतरी ओरडलं, "अहो, करताय काय खाली?" त्यानं दिव्याकडे बघत बटणावर बोट ठेवलं आणि पाच सेकंद दाबून धरलं. दिवा विझला.

सहा मिनिटांत यंत्र पुन्हा सुरू झालं. वरून आभाराचा फोन आला. स्कॅनवाल्यांकडे त्यांच्या चित्रांच्या मूळ प्रती होत्याच, त्यांनी पुन्हा पाठवल्या. त्यानं हातरुमालानं मान पुसली. आज आवाजपेढीत कुणी बसलं होतं का, असं त्याच्या मनात येऊन गेलं. वर जाऊन बघायला पाच मिनिटं लागली असती. पण वर जायचं म्हणजे सांगायला लागणार, आणि सांगायचं म्हणजे ते आकडे. बसलं असलं तरी बारापर्यंत आटोपलं असेल, उतरलंही असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि तो जेवायला गेला.

गुरुवारी घड्याळजींचं स्वरयंत्र काढलं.

पुढच्या बुधवारी डॉक्टर मॅडमनी आवाज बनवायला फायली उघडल्या. नावं सगळी होती, एक ते तीनशे चाळीस. आत काही नव्हतं. प्रत्येक फाईल शून्य.

त्यांनी ताईंना आणि त्याला आपल्या खोलीत बोलावलं. फायली रिकाम्या निघाल्याचं कानावर आलं तेव्हा, बोलावणं येण्याआधीच, त्यानं खाली सगळं तपासलं होतं. वेळा जुळवल्या होत्या. काय झालं ते त्याला लख्ख कळलं होतं.

"हे कसं होतं?" मॅडम म्हणाल्या. "एखादी फाईल जाईल. सगळ्या?"

"मॅडम, मी एकेक खूण मोजली," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "सगळ्या हिरव्या होत्या."

"दादा, तुमच्या बाजूला काही? त्या दिवशी यंत्र बंद करावं लागलं होतं ना?"

"ते सव्वाबारानंतर, मॅडम," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग त्याआधीच संपलं होतं."

"मग?"

"सर्व्हरच्या नोंदींत चूक अशी काही दिसत नाही." तो एवढ्यावर थांबू शकला असता. पण दोघी त्याच्याकडेच बघत होत्या. "कधी कधी काय होतं, रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच पुढचं बटण दाबलं गेलं, तर फाईल तयार होते आणि आत काही जात नाही."

यातलं एकही वाक्य खोटं म्हणता आलं नसतं. सगळं मिळून मात्र निखळ खोटं होतं.

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. होती ती शरण आल्यासारखी नजर. "तसं झालं असेल," त्या म्हणाल्या. "दादांना कळतं यातलं. माझंच बोट चुकलं असणार."

आठवड्याभरात ताईंची बदली जुन्या फायलींच्या खोलीत झाली. शिक्षा म्हणून नाही, असं मॅडमनी तीनदा सांगितलं. जाण्याआधी ताई स्वतः घड्याळजींच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. कुणी त्यांना जायला सांगितलं नव्हतं.

सर्व्हरदादानं गुपचूप आकडे पूर्ववत केले. नव्या डिस्कचा अर्जही केला. तो आठ दिवसांत मंजूर झाला, आणि त्यानं त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ दिवसांचं काम होतं. ताई जिन्यात भेटतील म्हणून तो मागच्या दारानं येऊ-जाऊ लागला. कॅन्टीनमध्ये त्यांचा आवाज आला, की हातातला कप तसाच ठेवून उठायचा. कुणी सहज "काय दादा, बरंय ना?" म्हटलं, तरी कानाच्या पाळ्या तापायच्या. रिकामा वेळ मिळाला की तो आवाजपेढीच्या संगणकावर बसून हरवलेलं काही सापडतं का ते शोधायचा. तिथे एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये त्याला सहा वाक्यं मिळाली. सोमवारी, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी, घड्याळजी नाव नोंदवायला आले तेव्हा ताईंनी त्यांचा आवाज तपासायला घेतलेली. सहा वाक्यांवरून आवाज बनत नाही. त्यानं ती एका पेनड्राइव्हवर घेतली आणि खिशात घालून हिंडत राहिला.

असे तीन आठवडे गेले. एके दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्याच्या दारावर टकटक झाली. ताई होत्या. हातात शंभर पानी कोरी वही.

"दादा, अर्धा तास आहे का? मला पुन्हा पहिल्यापासून शिकवा. मला काही त्या खोलीत परत घेणार नाहीत, पण घेतलंच कधी, तर माझ्या हातून पुन्हा असं होता कामा नये."

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. त्यानं खुर्ची पुढे केली. त्यांनी वही उघडून वर तारीख घातली, खाली 'पायरी एक' लिहिलं आणि चष्म्यातून त्याच्याकडे बघत बसल्या. तो सांगत गेला. लाल बटण, मग दोन सेकंद थांबायचं, मग वाक्य, मग पुढचं बटण. त्या शाळकरी मुलीसारख्या प्रत्येक शब्द लिहून घेत होत्या.

"आणि हिरवी खूण आली म्हणजे सेव्ह झालं. बरोबर?"

"हो," तो म्हणाला.

त्यांनी ते लिहून खाली रेघ मारली. मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाल्या, "घड्याळजींच्या घरी गेले ना, तेव्हा त्यांच्या बायकोच, काकू, म्हणाल्या, चूक माणसाच्याच हातून होते, तुम्ही रडू नका. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. आता मी रोज जेवायला बसले की या बोटाकडे बघते. काय केलं असेल यानं त्या दिवशी? तीनशे चाळीस वेळा कसं चुकलं?"

ताई आभार मानून गेल्या.

संध्याकाळी घरी तो पानात घेतलेलं तसंच ठेवून बसला. बायको एका शाळेत गणित शिकवायची. गोल गोल बोलणं तिला खपत नसे. "महिनाभर बघतेय," ती म्हणाली. "काय ते एकदा ओक."

त्यानं सगळं सांगितलं. आकडे, दिवा, बटण, बैठक, वही. संपल्यावर म्हणाली, "मग हे मला का सांगतोयस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फायलींच्या खोलीत गेला. ताई शिडीवर चढून कप्पे लावत होत्या. "ताई, खाली या. बसा," तो म्हणाला. त्यांना वाटलं, घरून काही वाईट बातमी आली. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. कर्नेल काय करतो, मर्यादा कुठली होती आणि त्यानं कुठे नेली, हिरवी खूण उमटली तेव्हा वाक्यं मेमरीत होती आणि डिस्कवर नव्हती, आणि यंत्र बंद करून ती कुणी पुसून टाकली. "तुमचं बोट कुठेच चुकलं नाही. एकदाही नाही."

ताई बराच वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या.

"मंगळवारी दुपारी तुम्हाला शंका आली होती?"

"आली होती."

"तेव्हा वर आला असतात, तर बुधवारी मी त्यांना परत बसवलं असतं. ऑपरेशन गुरुवारी होतं."

"हो."

"बैठकीत तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि काल मला शिकवलंत."

ताईंनी खणातून कालची वही काढली, त्याच्यापुढे सरकवली. "ही तुमच्याकडे असू द्या. आता जा तुम्ही. मला थोडं एकटीला बसू द्या."

डॉक्टर मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लेखी द्या." त्यानं दिलं, आडपडदा न ठेवता, स्वतःच्या हातानं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. "टाळ्या मीही वाजवल्या होत्या," त्या कागदाकडे बघत म्हणाल्या. "पंधरा सेकंद अडणारी खूण एकाएकी पापणी लवायच्या आत कशी यायला लागली, एवढं तरी विचारायला हवं होतं. आणि ताईंची बदली माझ्या सहीनं झाली." त्याच दिवशी ताईंना आवाजपेढीत परत आणलं. सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर मॅडमनी त्यांची माफी मागितली, आणि त्यानंही मागितली. ताईंनी मान हलवली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. त्याच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली गेली. त्याला वाटलं होतं, नोकरी जाईल. नोकरी राहिली, आणि रोज त्याच दारानं आत यायची पाळी आली.

घड्याळजींना कळवायचं राहिलं होतं. मॅडम पत्र पाठवणार होत्या. "मी जातो," तो म्हणाला.

दोन खोल्यांचं घर, जिना चढून वर. पुढच्या खोलीत खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर भिंग, चिमटे, बश्यांत काढून ठेवलेली चाकं. भिंतीवर वीस-बावीस घड्याळं. घड्याळजींच्या गळ्यावर पांढरी पट्टी होती. श्वास तिथूनच घेत होते, त्याचा बारीक फुसफुस आवाज येत होता. काकू पलंगावर ताठ बसल्या होत्या. एक भाची सकाळी येऊन जायची, आता घरात हे दोघंच होते.

"इस्पितळानं दिलेलं यंत्र वापरत नाही का?" बोलायला सुरुवात हवी म्हणून त्यानं विचारलं.

"बंद करून ठेवायला लावलंय मी," काकू म्हणाल्या. "त्यात कुणी परका पुरुष बोलतो. चहा झाला, हेही त्याच चालीत आणि घराला आग लागली, हेही त्याच चालीत. पहिल्या दिवशी मी दचकून विचारलं, कोण आलंय? तर हे. आता मी विचारते आणि हे टेबलावर टकटक करतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. चाललंय."

त्यानं सांगायला घेतलं. वाटेत जुळवून आणलेली वाक्यं एकही आठवेना, म्हणून साधं सांगितलं. वाक्यं ताईंमुळे गेली नाहीत. माझ्यामुळे गेली. मला माहीत असून मी गप्प बसलो, आणि विचारलं तेव्हा त्यांच्यावर ढकललं. सांगून झाल्यावर त्यानं लॅपटॉप काढला आणि मिळालेली सहा वाक्यं लावली.

खोलीत घड्याळजींचा आवाज आला. जरा घोगरा, मधल्या पट्टीतला, शेवटचं अक्षर किंचित लांबवणारा. "काकांच्या कपाटात काळी कात्री आहे."

काकूंचा हात पलंगाच्या कडेवर आवळला. सहा वाक्यं चाळीस सेकंदांत संपली.

"आपल्याकडे काळी कात्री कुठेय?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाशी नेला. टेबलावर दोनदा टकटक झाली. नाही.

मग घड्याळजींनी पाटी ओढली. खडूनं भरभर लिहिलं आणि पाटी त्याच्यापुढे धरली.

"काय लिहितायत?" काकूंनी विचारलं. "तुम्ही आहात तर वाचा तरी."

त्यानं वाचलं. "'हिला मोठ्यानं वाचून दाखव. एकही शब्द गाळायचा नाही.'"

पाटी पुसली गेली, पुन्हा भरली.

"'मी घड्याळं दुरुस्त करतो. बंद पडलेलं घड्याळ आलं तर मालकाला सांगतो, बंद आहे. काटे हातानं फिरवून परत देत नाही.'"

पुन्हा पाटी.

"'ती बाई माझ्यासमोर पावणेदोन तास बसली. चार वेळा पाणी दिलं. नंतर याच खोलीत येऊन रडून गेली. ते रडणं तुझं होतं. ते तू...'" तो अडखळला.

"थांबलात का?" काकू म्हणाल्या. "अजून आहे ना?"

"'ते तू तिला दिलंस.'"

घड्याळजी या वेळी सावकाश लिहीत होते. खडूचा आवाज येत होता. पाटी वळवली तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न बघता बायकोकडे बघितलं.

"'मला मरायची भीती नव्हती. हिच्याशी बोलायचं राहील, याची होती. म्हणून रक्त आलं तरी वाचत राहिलो. एवढंच.'"

काकूंचा चेहरा त्याच्या दिशेनं वळलेला होता, जिथून आवाज आला तिथे. रक्त आलेलं त्यांना आजवर माहीत नव्हतं, हे त्याला त्या चेहऱ्यावरून कळलं.

"त्या ताईंना मी जे म्हटलं, ते तुम्हाला म्हणणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "शापही देत नाही. येऊन सांगितलंत, ते बरं केलंत. पण पुन्हा येऊ नका. शब्द यांचे आणि आवाज तुमचा, हे आता माझ्या कानात बसलं. आणखी नको बसायला."

त्यानं पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. तो कसा लावायचा, ते भाचीसाठी कागदावर लिहून दिलं. घड्याळजी दारापर्यंत आले, त्यांनी कडी काढली, तो बाहेर पडल्यावर लावली. त्यात राग नव्हता, दार लावायचं होतं म्हणून लावलं.

इस्पितळ वीस मिनिटांवर होतं. तो चालत निघाला. दुकानं उघडी होती, फुटपाथवर माणसं होती, आणि प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय असं वाटून त्यानं मान वर केली नाही. चौकाशी बायकोचा फोन आला.

"गेला होतास? सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"आणि त्यांनी?"

सिग्नल सुटला, माणसं रस्ता ओलांडू लागली, तो तिथेच उभा राहिला.

"त्यांनीही," तो म्हणाला.